बसकाका रोज पेपर वाचायचे

बसकाका गेले तेव्हा त्यांच्या एका गालाची दाढी झालेली होती आणि दुसरा गाल अजून फेसाने भरलेला होता. सलूनवाला वस्तऱ्याचं पातं बदलायला वळला आणि वळता वळता त्याने विचारलं, "काका, मिशी जरा बारीक करू?" उत्तर आलं नाही. आजवर काकांनी कुणाला उत्तर दिलं नाही असं झालंच नव्हतं. उलट एका प्रश्नाला ते तीन उत्तरं द्यायचे. म्हणून तो गर्रकन मागे फिरला. काका खुर्चीत बसलेलेच होते, मान जराशी कललेली, आत्ता काहीतरी गंमत सुचतेय असा चेहरा. त्याने नाकाशी बोट धरून पाहिलं आणि वस्तरा हातात तसाच घेऊन तो रस्त्यावर धावत सुटला. समोरच्या औषधवाल्याला वाटलं, याने कुणाचा तरी गळा कापला.

त्यांची लेक दोन गल्ल्या पलीकडे एका चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करायची. फोन आला तेव्हा तिच्यासमोरच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, नाकावर तपासणीची जड फ्रेम, त्यात दोन भिंगं. "आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं?" असं विचारून लेकीने फोन उचलला, ऐकला आणि ती दार ढकलून बाहेर पडली. त्या बाई अर्धा तास ती फ्रेम घालून, हात मांडीवर ठेवून तशाच बसून होत्या म्हणे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलंही नसेल त्यांना. लेकीने मान हलवली. तिला तो शब्दन् शब्द ऐकू आला, पण आत काही शिरलं नाही. ती बाबांच्या गालावरच्या फेसाकडे बघत राहिली. तो आता सुकून पापुद्र्यासारखा झाला होता. मग तिने दाराशी रडत उभ्या असलेल्या सलूनवाल्याला हाक मारली.

"सामान आणलंय?"

"अं?"

"घेऊन या. अर्धवट दाढीने बाबा आजवर कुठे गेले नाहीत."

तो गेला, वाटी-ब्रश घेऊन आला आणि एकही ओरखडा न उठवता त्याने दुसरा गाल साफ केला. शेवटी सवयीने त्याच्या तोंडून "झालं काका, बघा आरशात" असं निघून गेलं आणि तो मटकन खालीच बसला.

आता हे बसकाका कोण, ते सांगायला हवं. तसे ते फौजेतले. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले, ड्रायव्हर म्हणून, आणि लढाईत जखमींची गाडी चालवली. फौजेच्या गोष्टी पुष्कळ सांगायचे, पण सगळ्या हसायच्या. रिव्हर्स गियर न पडणारा ट्रक, खेचराला सॅल्यूट ठोकणारा नवा शिपाई, असल्या. बढाई मारावी अशी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती आणि तीही ते दुसऱ्याच्या नावावर खपवायचे. डोंगरातला रस्ता, गाडीत चार जखमी आणि समोर एवढं दाट धुकं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. तेव्हा टेलिफोनच्या तारा ओढणारा त्यांचा एक दोस्त खाली उतरला, पाठीला पांढरा टॉवेल बांधला आणि गाडीपुढे चालायला लागला. त्या टॉवेलवर नजर ठेवून यांनी सात मैल गाडी उतरवली. चौघंही वाचले. "मी काय केलं? टॉवेलच्या मागे गेलो," असं म्हणून ते मोकळे व्हायचे. त्या दोस्ताचं नाव घरात कुणी घेत नसे. तो तारवाला, आणि लेकीचे तारवाले काका.

फौजेतून परतल्यावर त्यांनी सत्तावीस वर्षं एका शाळेची बस चालवली. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या बसमध्ये ओकली होती, रडली होती, डबा विसरली होती. म्हणून ते सगळ्यांचे बसकाका. बसमध्ये चढताना प्रत्येक पोराने मोठ्याने "आलो" म्हणायचं, असा त्यांचा नियम. चार वर्षांपूर्वी एके दिवशी अचानक त्यांनी नोकरी सोडली. पाठ दुखते म्हणाले. त्यानंतर कुणी पाठीची तक्रार ऐकली नाही, पण तेव्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

घरात हा माणूस म्हणजे लोण्याचा गोळा होता. बायकोच्या मैत्रिणींची वाढदिवसाची तारीख याला पाठ. नातीच्या शाळेतल्या भांडणात कोण कुणाशी बोलत नाही, हे नातीपेक्षा याला जास्त माहीत. लेक रोज सकाळी दुकानात जाताना नातीला त्यांच्याकडे सोडायची, तेव्हा बाबा गॅलरीत खुर्चीवर, पेपर घडी घालून मांडीवर, जगाच्या बातम्या तोंडपाठ. "ये डॉक्टरीणबाई, ऐक, तुमच्या मंत्र्याने आज काय दिवे लावलेत," इथून सुरुवात व्हायची.

ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. शाळेनेच ठरवलं होतं. दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या, तरी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मुख्याध्यापिका बोलल्या, एक इंजिनियर बोलला, एक पोलीस बोलला आणि मध्येच रडायला लागला. मग लेक उठली. तिने ठरवलं होतं की रडायचं नाही, बाबांनी हसवलं असतं तसं हसवायचं.

"बाबांच्या शिस्तीचा आम्हाला फार जाच होता," ती म्हणाली. "घरातली खुर्ची वीतभर सरकवली तरी चालायची नाही. फौजेची सवय! चहाचा कप उजव्या हाताला, किल्ल्या दाराच्या खिळ्याला, चपला भिंतीला चिकटून. घरात कुणीही आलं की दारातूनच आवाज द्यायचा. मी एकदा गुपचूप मागून जाऊन उभी राहिले, तर मला म्हणाले, 'पासवर्ड?' "

लोक हसले. तिला बरं वाटलं.

"आणि मी चष्मे विकते, पण बाबांनी माझ्या धंद्याला कधी हातभार लावला नाही. चार चष्मे करून दिले. दोनांवर बसले, दोन हरवले. पासष्टी उलटली तरी सकाळी सातच्या आत पेपर वाचून संपलेला, तोही बिनचष्म्याचा! दोन वर्षांपूर्वी मी जबरदस्तीने दुकानात नेऊन नंबर काढला, तर शेवटच्या ओळीपर्यंत तक्ता धडाधड वाचून दाखवला. वर मलाच विचारतात, 'अजून बारीक काही आहे का?' "

हॉल खदखदून हसला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई बसली होती. ती हसली नाही, मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. लेकीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, साहजिक आहे.

चहा झाला, माणसं पांगली. लेक मागच्या खुर्च्या गोळा करत होती, तेव्हा एक उंच, मान पुढे काढलेला म्हातारा तिच्यापाशी आला. इस्त्रीचा कोट, बाह्या जरा आखूड. तारवाले काका. अर्ध्या दिवसाचा प्रवास करून आले होते.

"छान बोललीस गं पोरी. त्याला आवडलं असतं."

"बसा ना काका. चहा घेतलात?"

"घेतला." ते बसले नाहीत. "एक सांग, आता सकाळी सहा वाजता मी काय करू?"

"म्हणजे?"

"सवय लागलीय. चार वर्षं झाली. साडेपाचला पेपर आणायचा, सहाला त्याला फोन लावायचा. कालही आणला. पहिलं पान मोठ्याने वाचूनसुद्धा काढलं. बायको आतून विचारते, अहो, कुणाला वाचून दाखवताय?"

लेक हसली, म्हाताऱ्या माणसांशी हसतात तसं. "बातम्यांवर वाद घालायचात ना तुम्ही दोघं. आई सांगायची, पहाटेच फोन सुरू होतो म्हणून."

"वाद कसला? वाचून दाखवायचो मी. मथळे सगळे, अग्रलेख असला तर थोडा आणि खेळाचं पान पूर्ण. त्याला कुठे दिसत होतं वाचायला?"

"नाही हो काका. बाबा बिनचष्म्याचं..."

ती थांबली, कारण तारवाले काका तिच्याकडे भलत्याच नजरेने बघत होते. धुक्यात पुढचं पाऊल टाकावं की नाही, अशा नजरेने.

"तू मघाशी जे सांगितलंस," ते हळू आवाजात म्हणाले, "ते लोकांसाठी होतं ना? मला वाटलं, पोरगी बापाचं झाकून नेतेय. मनात म्हटलं, शाब्बास."

"काय झाकून नेतेय?"

काकांनी जवळची खुर्ची ओढली आणि ते बसले. "मेलो," ते म्हणाले. "मी त्याला शब्द दिला होता. मला वाटलं, तो गेल्यावर तरी घरात कळलं असेल."

"काका, काय कळलं असेल?"

"त्याला दिसत नव्हतं गं. काचबिंदू. शेवटचं वर्ष तर... उजेड-अंधार कळायचा. समोर माणूस आहे एवढं कळायचं. आवाज आला की कोण आहे ते कळायचं."

लेकीने एक खुर्ची उचलली आणि दुसरीवर ठेवली. मग तिसरी उचलली, तिच्यावर ठेवली. तिला ऐकू येत होतं. काका उठून तिच्या मागे मागे चालत बोलत होते आणि ती खुर्च्या रचत होती. थांबली असती तर काय झालं असतं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

चार वर्षांपूर्वी बस शाळेच्या फाटकातून बाहेर काढताना डाव्या बाजूला एक मुलगी उभी होती. बसकाकांना ती दिसलीच नाही. कुणीतरी किंचाळलं, ब्रेक लागला, मुलीच्या दप्तराला बस घासली आणि दप्तर फाटलं. मुलीला खरचटलंही नाही. बसकाकांनी बस तिथेच बंद केली, किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि पायी निघाले, ते थेट डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात. तिथे सांगितलं की दहा-बारा वर्षं हा आजार आतून पोखरतोय. कडेची नजर आधी जाते, मधली शाबूत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांवर जमेल तितकं टिकवू.

"त्या दुपारी दवाखान्याच्या पायरीवरून त्याने मला फोन केला," काका म्हणाले. "उभ्या आयुष्यात मी त्याला घाबरलेला ऐकला नव्हता. म्हणाला, नळीतून बघावं तसं जग दिसतंय आणि मला वाटत होतं सगळ्यांना तसंच दिसतं. मी म्हटलं, घरी सांग. लेक त्याच कामातली आहे, तिला सांग. तर म्हणाला, तिला तर मुळीच नाही."

लेकीच्या हातातली खुर्ची तिथेच राहिली.

"का?"

"तुला आठवत असेल, दुकानात लागलीस तेव्हा तुझं पहिलं गिऱ्हाईक तो होता. त्यानंतरही दर दोन-तीन वर्षांनी तू त्याचे डोळे तपासलेस. तो म्हणाला, हे वाढत होतं तेव्हा पोरीने माझे डोळे हातात धरून बघितलेत रे. तिला कळलं, तर ती पुन्हा कुणाच्या डोळ्यांना हात लावणार नाही."

आईच्या घरी आल्यावर ती कुणाशी न बोलता थेट न्हाणीघरात गेली. बाबांचा दाढीचा डबा फळीवर होता. गंमत अशी की दाढी ते वर्षभर सलूनमध्येच करत होते, आणि डबा घरात कशाला लागतो, हे कुणी विचारलं नव्हतं. तिने झाकण उघडलं. आत डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या, एक अर्धी, एक नवीकोरी, आणि दवाखान्याचं चौकोनी कार्ड. कार्डावर तारखा. दर तीन महिन्यांनी एक, एकही चुकलेली नाही. ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसली.

आई दारात येऊन उभी राहिली.

"तारवाल्यांनी सांगितलं?"

लेकीने वर बघितलं. "तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष! आणि तू..." आयुष्यात पहिल्यांदा तिला आईला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

आई आत आली आणि पालथ्या बादलीवर बसली. "मी एक नवीन स्टूल आणलं होतं. दाराशी ठेवलं आणि सांगायला विसरले. हे धडपडले. नडगी फुटली. मी धावले, तर म्हणाले, अगं पाय घसरला. फरशी कोरडी ठणठणीत होती. त्या दिवसापासून मी नुसतं बघत राहिले. दोन दिवसांत सगळं लख्ख कळलं. ते पेपर उलटा धरून बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी एवढी खटपट केली होती लपवायची. तो डोलारा मी कसा पाडू? मी स्टूल परत देऊन आले. त्यांच्या निळ्या स्वेटरच्या कॉलरला आतून एक गाठ मारून ठेवली, म्हणजे राखाडीशी घोटाळा नको. एकदा ते गाठीवरून बोट फिरवताना मी पाहिलं. म्हणाले, शिवण पक्की आहे हो तुझी. मी म्हटलं, हो, आहेच. झालं. यापलीकडे आमचं त्यावर बोलणं नाही."

"आई, अगं मी रोज लोकांचे डोळे तपासते! रोज!"

"म्हणूनच ना बाळा," आई म्हणाली.

लेक रडेल असं आईला वाटलं. ती रडली नाही. ती त्या कार्डावरच्या तारखा पुन्हा पुन्हा मोजत राहिली आणि मग म्हणाली, "हे एकटे कसे जायचे? रस्ता ओलांडून?"

"मी मागून जायचे," आई म्हणाली. "वीस पावलं अंतर ठेवून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच लेक तिथे पोचली. मालकाकडून किल्ली आणली, तपासणीच्या खोलीतला दिवा लावला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली. समोर तक्ता. तिला एकच गोष्ट उलगडत नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाबांनी ही अक्षरं वाचली कशी? ओळीमागून ओळ, न अडखळता.

मग तिला आठवलं. लग्नाआधी ती हा कोर्स करत होती, तेव्हा घरी स्वयंपाकघराच्या दारावर तिने असाच तक्ता लावला होता. तिला तो पाठ हवा होता, म्हणून सहा महिने ती येता-जाता, भांडी घासताना, केस विंचरताना मोठ्याने म्हणायची. बाबा तेव्हा तिची टिंगल करायचे, तिच्याबरोबर चालीवर म्हणायचे. एवढ्या वर्षांनी त्यांनी तिला तिचाच पाठ म्हणून दाखवला होता.

आणि एक चूक केली होती. चौथ्या ओळीत तिसरं अक्षर "प" आहे. बाबा "य" म्हणाले होते. घरच्या तक्त्यावर तिथे "य" होता. दुकानातला तक्ता नव्या छपाईचा, त्यात ते अक्षर बदललेलं. तिने त्या दिवशी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. प आणि य दिसायला जवळचे, होतं असं, असं मनात म्हणून ती पुढच्या ओळीकडे वळली होती. पण त्याखालच्या मुंगीएवढ्या ओळी ज्याला दिसतात, त्याला वरचा ठसठशीत प चुकेलच कसा? हा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता. कुठल्याही परक्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत पडला असता. समोर बाबा होते, हसत होते, "अजून बारीक काही आहे का" म्हणत होते.

ती त्या खुर्चीत किती वेळ बसली, कुणास ठाऊक. मालक आले तेव्हा तिने सांगितलं की पुढचे काही दिवस तिला जमणार नाही. ते म्हणाले, घे ना सुट्टी, वडील गेलेत. ती म्हणाली, सुट्टी नाही, मला आता तपासताच येणार नाही.

तीन आठवडे ती घरी बसली. नवरा बिचारा समजावत राहिला. तिच्या डोक्यात मात्र बाबांचा राग हळूहळू चढत होता आणि त्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. काचबिंदू घरात उतरतो. आईबापांना असला तर मुलांनी तपासून घ्यायचाच, हे ती पुस्तकात शिकली होती. बाबांना डॉक्टरांनी हे सांगितलं नसेल? माझ्या मनाला लागू नये म्हणून माझे डोळे धोक्यात ठेवले? शेवटी तिने तारवाल्या काकांना फोन लावला आणि हेच विचारलं.



"तीन वर्षं तो तेच करत होता गं," काका म्हणाले. "तुला त्या दवाखान्यात कसं न्यायचं, हेच आमचं रोजचं. पेपर संपला की हा विषय. कधी म्हणायचा, फुकट शिबिर आहे असं सांगतो. कधी म्हणायचा, माझ्याच डोळ्यात काहीतरी गेलंय असं सांगून तिला सोबत नेतो. तू दर वेळी हसण्यावारी न्यायचीस. मी म्हटलं, खरं सांगून टाक. तर म्हणाला, येत्या वाढदिवसाला सांगतो. शेवटी ठरवलं होतं त्याने. माझ्यासमोर तारीख ठरवली."

तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता.

तिला एकेक आठवलं. "डॉक्टरीणबाई, दुसऱ्यांचे बघता, स्वतःचे कधी दाखवणार?" "बाबा, मला काय झालंय? घारीसारखी नजर आहे माझी." हा संवाद किती वेळा झाला होता! तिने फोन ठेवला, उशीत तोंड खुपसलं आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती हंबरडा फोडून रडली. नवरा दारात उभा राहिला, आत आला नाही. तेवढं त्याला कळायचं.

दुसऱ्या दिवशी ती आणि आई त्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. लेकीने आधी पाच-सहा तपासण्या करून घेतल्या. एका यंत्रात तोंड घालून बसायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. शाळेतल्या परीक्षेत ती एवढी घाबरली नव्हती. मग डॉक्टरांसमोर बसली. पोक्त बाई होत्या, चष्मा कपाळावर. कागद खालीवर करून त्यांनी आधी वडिलांचं नाव वाचलं आणि मान वर केली.

"तुम्ही चष्म्याच्या दुकानात असता का?"

"हो."

"अच्छा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग कागद तिच्याकडे सरकवला. "उजव्या डोळ्यात सुरुवात आहे. अगदी सुरुवात. नजर पूर्ण आहे, पण डोळ्यातलं प्रेशर वाढलंय. आजपासून रोज थेंब, आणि तपासणी चुकवायची नाही. नियम पाळलेत तर म्हातारपणी सुईत दोरा ओवाल."

आपल्याला हे असू शकतं, हे लेकीला माहीत होतं. पण आहे, हे ऐकणं निराळं. मग तिने तीन आठवडे मनात धरलेला प्रश्न विचारला.

"मी त्यांचे डोळे किती वेळा तपासले. मला कळायला हवं होतं का?"

डॉक्टरांनी लगेच नाही म्हटलं नाही. ते तिला पुढे फार दिवस बरं वाटलं.

"नुसता नंबर काढताना हे सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'एकदा प्रेशर बघून या' असं सांगता येतं. तुम्ही सांगत होता?"

"कधीमधी."

"मग आता सगळ्यांना सांगा."

बाहेर बाकावर आई बसली होती. लेक आडपडदा न ठेवता म्हणाली, "मलाही आहे. उजव्या डोळ्यात, थोडासा." आईचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. तिने लेकीचा हात धरला. मग तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ती बसकाकांना रागवायला लागली. अस्सा भांडकुदळ सूर तिने ते असताना कधी लावला नव्हता. "एवढा मोठा लढाईवर गेलेला माणूस, आणि घरात एक वाक्य बोलवेना! आणि मीही तसलीच!" लेक तिला धरून बसली. कुणी न सांगताच दोघींनी त्या दिवशी ठरवलं की यापुढे घरात काही झाकायचं नाही, मग कुणाला लागो, बोचो. ते पाळणं सोपं गेलं नाही, पण तो वेगळा विषय.

सोमवारी ती कामावर रुजू झाली. चाळिशीच्या वरचं कुणीही नंबर काढायला आलं की आधी दवाखान्याची चिठ्ठी हातात ठेवायची. मालक कुरकुरले, "अगं, माणसं चष्मा घ्यायला येतात, आजार घ्यायला नाही. पळतील ना." ती म्हणाली, "पळू देत."

काहीजण पळालेही. एक बाई तर दुकानात आरडाओरडा करून गेल्या. पहिल्या महिन्यात तिने अकराजणांना पाठवलं. नऊ जणांचं काही निघालं नाही. एकजण पुन्हा फिरकला नाही. अकरावा एक शिंपी होता, गळ्यात टेप, बोलायला तुसडा, चिठ्ठी घेताना "तुमचं आपलं काहीतरी" म्हणून गेलेला. तो एका दुपारी आला आणि काउंटरपाशी नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "चष्मा पुसायचं फडकं आहे का एखादं?"

तिने फडकं दिलं. मग काउंटरची फळी उचलून ती बाहेर आली, त्याच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतःसाठीही एक ओढली आणि म्हणाली, "बसा. डॉक्टर काय म्हणाले, ते सगळं सांगा."

शिंपी बसला आणि सांगायला लागला.